मेंढरू एक, मेंढवाडे अनेक

पंचांगात कधीकधी एकादशी लागोपाठ दोन दिवस येते. एका दिवसापुढे ‘स्मार्त’ असे छापलेले असते, दुसऱ्यापुढे ‘भागवत’. आमच्या आळीत वारकरी घराण्यातल्या एक आजी आहेत, त्या दुसरी धरतात. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू पहिली. दोघींचा साबुदाणा एकाच वाण्याकडून येतो आणि काकूंच्या खिचडीतले दाण्याचे कूट पुष्कळदा आजींच्या घरचे असते. देवाला नेमकी कोणती एकादशी पोचते, हा प्रश्न दोघींपैकी एकीलाही पडल्याचे मला ठाऊक नाही. शैव-वैष्णवांनी पूर्वी आपसांत पुष्कळ भांडून घेतले आहे, तेव्हा या शांततेचे फार कौतुक करण्यातही अर्थ नाही. तथापि मी ख्रिस्ती घरात वाढलेला माणूस. पंचांगातल्या त्या दोन ओळी पाहिल्या की मला थोडासा हेवा वाटतो खरा.

आमच्याकडेही असा दोन तारखांचा सण आहे. ईस्टर, म्हणजे प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, सर्वांनी एकदमच पाळावा असे इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ठरविले. पुढे कालगणना दोन झाल्या. रोमची मंडळी आणि तिच्यातून फुटून निघालेले पंथ एक तारीख धरतात, ग्रीस-रशियाकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या दुसरी. त्या परिषदेला १७०० वर्षे झाली त्या २०२५ सालीच गणिताच्या योगायोगाने दोन्ही ईस्टर २० एप्रिलला आले. २०२६ साली पुन्हा एक ५ एप्रिलला, दुसरा १२ एप्रिलला. पण तारखांचे एवढे काही नाही. तारखा दोन असल्या म्हणून कोणाचा विश्वास उडत नाही. मला विचारावयाचे आहे ते निराळेच. या पंथापंथांच्या वादाला विटून एखादा माणूस उठून चालता झाला, तर त्याला परत बोलवावयाचे ते कोणी, आणि कोणाच्या घरी?

दिवाळी अंकाच्या बहुसंख्य वाचकांना ख्रिस्ती माणूस म्हणजे नाताळात केक देणारा शेजारी एवढेच ठाऊक असते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे साऱ्या महाराष्ट्रात आम्ही सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकालाही जरा कमीच. इतक्या मूठभर लोकांत पंथ किती असावेत? आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, छावणीमध्ये इंग्रजी अमदानीतले क्राइस्ट चर्च आहे. ते मूळचे अँग्लिकनांचे, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. रोमन कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत येथे १९७७ पासून आहे. शिवाय भाड्याच्या हॉलमध्ये, एखाद्याच्या गच्चीवर पत्र्याखाली, गिटार आणि ढोलकी घेऊन भरणाऱ्या प्रार्थनासभा. त्या मोजावयाच्या म्हटल्या तर रविवार पुरणार नाही.

हे पंथ आम्ही निवडले, असे कोणी समजू नये. ते आमच्या वाट्याला आले, जसे एखाद्या गावच्या वाट्याला तालुका येतो. त्याची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. १८४३ च्या मे महिन्यात तिकडे एडिंबरोत स्कॉटलंडची मंडळी दुभंगली. वाद असा, की गावात पाळक कोणी नेमावा, तिथल्या जमीनदाराने की मंडळीतल्या लोकांनी? लोकांची बाजू घेणारे चारशेंहून अधिक पाळक पगार आणि घरे सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ काढले. त्याच वर्षी मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. मिशनरी फ्री चर्चच्या बाजूचे, म्हणून नारायणही फ्री चर्चचा. पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले, आणि ज्यांनी स्कॉटलंडचा जमीनदार स्वप्नातही पाहिला नव्हता अशी मराठवाड्यातली गोरगरीब माणसे त्या जमीनदाराशी झालेल्या भांडणाची वारसदार झाली. १९०० साली तिकडे एक समेट झाला, १९२९ साली दुसरा. इकडे मंडळीच्या पाटीवरचे नाव बदलत गेले. बाकावर बसणारी माणसे तीच.

औरंगाबादेत अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी होती. रतनजी नौरोजी या ख्रिस्ती झालेल्या पारशी गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे वर्षानुवर्षे काम केले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन. १८७० नंतर तिथेच अँग्लिकनांची दुसरी सोसायटी आली, तेव्हा काही वस्त्यांतली माणसे या मिशनकडून त्या मिशनकडे गेली आणि ‘आमची माणसे पळविली’ अशा तक्रारी सुरू झाल्या. मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घ्यावा, एकाच्या हद्दीत दुसऱ्याने जाऊ नये, असे जे ठरत गेले ते अशाच तंट्यांतून. म्हणजे गोदावरीच्या या किंवा त्या बाजूला तुमचे गाव असेल त्यावर तुमचा धर्मसिद्धान्त ठरणार! आणि ज्या महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून ही माणसे आली, ती काही त्रैक्याचा सिद्धान्त पटला म्हणून आली नव्हती. कोणीतरी त्यांच्या दारात येऊन खाटेवर बसले, त्यांच्या हातचे पाणी प्याले, पोरांना पाटी दिली. त्यांना कोणी पुढे ‘तांदळाचे ख्रिस्ती’ म्हणून हिणविले तर हिणवो. मला मात्र त्या पाटीत आणि त्या पाण्यात शुभवर्तमान दिसते.

मग सिद्धान्तांचे वाद सगळे पोकळच म्हणावयाचे काय? तसे मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीचे पुष्कळ सुशिक्षित लोक असे म्हणून मोकळे होतात, आणि त्यात त्यांना काही मोठेपणाही वाटतो. बाप्तिस्म्याचीच गोष्ट घ्या. काही मंडळ्या तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात; काही म्हणतात, माणूस कळता झाल्यावर त्याने स्वतः विश्वास कबूल केला पाहिजे, मगच पाण्यात उतरावे. वरवर पाहणाऱ्याला ही पाणी शिंपडावे की बुडवावे एवढीच तकरार वाटेल. पण मी मास्तर आहे. मला हा प्रश्न दर जूनमध्ये दिसतो. बाप मुलाला घेऊन येतो, आम्ही जनरल रजिस्टरात त्याचे नाव घालतो. मुलाला कोणी विचारीत नाही. त्या नोंदीवाचून त्याला वर्गात जागा मिळणार नाही, आणि नुसत्या नोंदीने त्याला एक अक्षर येणार नाही. देवाची कृपा माणसाच्या समजेच्या आधी येऊन उभी राहते, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्याची शपथ आपल्याला घेता येत नाही, असे दुसरा. दोघेही खरे बोलतात असे मला वाटते, आणि म्हणूनच हे भांडण मिटणे कठीण.

ते मिटविण्याचा मोठा यत्न आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. १९२९ साली लखनौला बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांची आधीच जुळलेली संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. चाळीसएक वर्षे माणसे खुर्च्यांवर बसून बोलत होती. त्यांतली कितीतरी ती सकाळ पाहावयाला उरली नाहीत. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती त्यांनी मान्य केल्या. खरी अडचण निराळीच होती. अँग्लिकनांच्या मते पाळकाच्या डोक्यावर बिशपने हात ठेवल्याखेरीज तो पुरता पाळक होत नाही. इतरांच्या मते तसे मानणे म्हणजे आपण आजवर दिलेले प्रभुभोजन खोटे होते असे कबूल करणे. तोड निघाली ती अशी: सर्वांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवावे आणि देवाला प्रार्थना करावी की, ज्याच्यात जे उणे असेल ते तू त्याला दे. कोणात काय उणे आहे, हे मात्र कोणी बोलावयाचे नाही.

कित्येकांनी या प्रार्थनेला चलाखी म्हटले. ज्याला जो अर्थ हवा तो त्याने घ्यावा, असली भाषा धर्मात चालते काय, असे त्यांचे म्हणणे. मला ती चलाखी वाटत नाही. जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे देवासमोर उभे राहून म्हणणे, आणि ते शेजाऱ्याचा हात डोक्यावर घेऊन म्हणणे, यापेक्षा प्रामाणिक असे त्या मंडपात दुसरे काय करता आले असते? अर्थात सगळे आले नाहीत. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी, जे संख्येने पुष्कळ होते, ऐन वेळी अंग काढून घेतले. आणि जे आले त्यांच्यातही पुढे जमिनींवरून तंटे झाले. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१३ साली न्यायालयाने सांगितले की नुसत्या ठरावाने जुनी मंडळी आणि तिची मिळकत नव्या मंडळीत विरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण डोक्यावर हात ठेवणारे हात सातबाराच्या उताऱ्यापाशी कसे थरथरतात, हे त्यात दिसले.

जगातही हेच. ल्यूथरने १५१७ साली ज्या वादाला तोंड फोडले, त्याच्या गाभ्याचा प्रश्न होता: माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने की कर्माने? १९९९ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी मूळ मुद्द्यावर आपले एकमत आहे अशी घोषणा केली. ४८२ वर्षांनी! मंडळ्या मात्र दोनच राहिल्या. आणि इकडे २०१९ ते २०२३ या काळात समलिंगी विवाहाच्या प्रश्नावरून अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट मंडळीतून साडेसात हजारांवर स्थानिक मंडळ्या बाहेर पडल्या. जुने भांडण मिटते तोवर नवे तयार असते.

आता ज्याच्यासाठी हे सारे लिहिले त्याच्याकडे येतो. आमच्या शाळेत एक शिक्षक आहेत. नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांची आई जालन्याकडची, स्कॉटिश मिशनच्या घरातली. सासर औरंगाबादचे, अँग्लिकन. बाईंनी दोन्ही घरची भजने एकाच आवाजात म्हटली. नवरा गेल्यावर, गुडघे धरल्यावर, मंडळीत जाणे सुटले. तेव्हा गल्लीतल्या एका नव्या प्रार्थनासभेतल्या बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या. पाय चेपीत, पेज करून देत, शास्त्र वाचून दाखवीत. सत्तरी उलटल्यावर बाईंनी त्यांच्याकडे पाण्यात उतरून दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. वर्षभराने त्या वारल्या. नवऱ्याशेजारी पुरावे एवढीच त्यांची इच्छा. दफनभूमीच्या फाटकाशी जुन्या मंडळीतले दोन वडीलधारे उभे राहिले: बाईंनी आमचा बाप्तिस्मा खोटा ठरविला, आता आमची जागा कशी मागता? नव्या सभेच्या पाळकांनी तिथेच शास्त्र उघडून उत्तर दिले. दोन्हीकडून वचनांवर वचने. एप्रिलचे ऊन होते आणि शववाहिनीच्या ड्रायव्हरला दुसरी फेरी होती. अखेर पाऊण तासाने बाईंना जागा मिळाली, पण नवऱ्याजवळ नाही, भिंतीकडेला.

त्या दिवसापासून हे गृहस्थ कुठेच जात नाहीत. देव नाही असेही म्हणत नाहीत. तो विषयच काढीत नाहीत. मग त्यांना परत आणण्यासाठी माणसे येऊ लागली. नव्या सभेतले आले: तुमच्या आईने जो मार्ग धरला तो तुम्ही धरा. जुन्या मंडळीतले आले: झाले गेले विसरा, तुमच्या वडिलांचे नाव बाकावर कोरलेले आहे. आणखी कोणी तिसरेच पत्रके घेऊन आले. त्यांच्या मते आधीचे दोघेही चुकीच्या वाटेवर होते. ‘‘सर,’’ ते मला म्हणाले, ‘‘सगळे विचारतात, आता तुम्ही कुठे जाता. शाळा सोडल्याचा दाखला मागावा तसे. आईची आठवण काढायला एकजणही बसला नाही.’’ हो, एक शेजारीण बसली होती. ती कॅथलिक, तिला हे वाद कळतही नव्हते. तिने नाताळात कलकल्यांचा डबा आणला आणि बाईंची पेज करण्याची रीत काय होती ते विचारले.

शंभरांतले एक मेंढरू हरवले तेव्हा मेंढपाळ नव्याण्णवांना सोडून त्याच्या शोधाला जातो, हा येशूचा दाखला प्रत्येक मंडळीत वर्षातून एकदा तरी ऐकवितात. त्या दाखल्यात मेंढपाळ एकच आहे, हे ऐकविणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. चार मेंढपाळ चार बाजूंनी हाका मारू लागले तर मेंढराने काय करावे? माझे मत स्पष्ट सांगतो. आपले मत खरे मानण्याचा, त्यासाठी भांडण्याचासुद्धा, प्रत्येक मंडळीला हक्क आहे. पण ज्याचा विश्वास आपल्याच भांडणाने मोडला, त्याच्या दारी तेच भांडण घेऊन जाण्याचा हक्क कोणालाही नाही. तिथे जावयाचे तर यादी घरी ठेवून जावे. आणि तो आलाच नाही, तरी जात राहावे.

हे मी मोठे नवे सांगतो आहे असे नाही. आमच्याच लोकांनी ते करून दाखविले आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि लगेच ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्यांचे खटके उडू लागले. त्रैक्याची अमुक व्याख्या मान्य केलीच पाहिजे, मंडळीची आज्ञा पाळलीच पाहिजे, असे त्या भगिनींचे म्हणणे. रमाबाईंचे म्हणणे, मी ख्रिस्ताकडे आले ते एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून सुटून दुसऱ्याच्या तावडीत जाण्यासाठी नव्हे. पत्रे लांबलचक आहेत आणि दोन्ही बाजूंना दुःख झालेले दिसते. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी कोण्या एका पंथाची पाटी लावली नाही. विधवा, दुष्काळातल्या मुली, टाकलेल्या बायका आल्या. त्यांना आधी जेवण मिळाले.

रेव्हरंड टिळकांचे तर जगजाहीर आहे. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा घर मोडले. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ नगरला आल्या त्याही आपले सोवळे-ओवळे सांभाळून. टिळकांचा स्वभाव काही गरीब नव्हता, ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ते सांगावयाला नको. पण या एका बाबतीत ते थांबले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, पाच वर्षांनी, त्यांना स्वतःला वाटले तेव्हा. घरातल्या माणसासाठी ज्याने पाच वर्षे वाट पाहिली, त्याला बाहेरच्या माणसासाठी दार कसे असावे ते कळले असणार. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ज्याला म्हणून ख्रिस्तामागे जावयाचे आहे अशा कोणीही तिथे यावे. दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले आणि त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. मिशने टिकली. मिशनांपाशी वह्या होत्या, इमारती होत्या, दफनभूमी होत्या. म्हणून मला पाट्या लावणाऱ्या मंडळ्यांचा तिटकारा करता येत नाही. दरबारात गावे हे खरे, पण मेल्यावर पुरावयाला जागा देतो तो पाटीवालाच. आणि अडवतोही तोच! या पेचातून बाहेर पडण्याची युक्ती माझ्यापाशी नाही.

माझ्या स्नेह्यांच्या घरी मात्र हा पेच नव्याने उभा आहे. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले. मुलगा वसईकडचा, कॅथलिक, चांगला आहे. पूर्वी असल्या लग्नात दुसऱ्या पक्षालाही मुले कॅथलिक करण्याचे वचन द्यावे लागे. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तो नियम सैल केला, आता वचन कॅथलिक पक्षानेच द्यावयाचे, दुसऱ्याला नुसते कळवावयाचे. व्याही समजूतदार आहेत, म्हणाले, तुम्ही म्हणाल तिथे. जुन्या मंडळीतले तेच दोन वडीलधारे परवा घरी येऊन गेले. त्यांतल्या एकाने बसता बसता बाईंचा विषय काढला, त्या सुगरण होत्या म्हणाला, आणि मग बराच वेळ कोणी बोलले नाही. मुलगी म्हणते, आजी जिथे आहे त्याच्या जवळच्या देवळात. पत्रिकेचा मजकूर मीच लिहून दिला आहे. तारीख, वेळ, दोन्हीकडची नावे, सगळे झाले; ‘विवाहस्थळ’ या शब्दापुढची जागा त्यांनी अजून मोकळी ठेवली आहे, आणि छापखानेवाला रोज फोन करतो.